मॉनिटरच्या कोपऱ्यातली सही

वाचता न येणारी पाटी पाहून आमच्या भाऊजींइतका जीव अख्ख्या संभाजीनगरात कुणाचा तळमळत नसेल. भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, देवगाव रंगारीचे, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आले, ब्रश बसले; खोड मात्र गेली नाही. आजही कुठल्याही पाटीसमोर बारा पावलं मागं सरणार, डोळे बारीक करणार आणि दुकानदाराला विचारणार, "अनुस्वार कुठंय? खाल्ला का?" एका लग्नात स्टेजवरची नावं वाचायला असेच मागं मागं गेले आणि थेट जिलेबीच्या परातीत बसले. उठताना म्हणाले, "पण रंग चुकलाच हाय."

मी गुलमंडीतल्या छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते. साखरेच्या आजारानं माझे डोळे अधू केले. पांढऱ्या स्क्रीनच्या झगझगाटात अक्षरं विरघळायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता चष्म्यानं भागणार नाही. मी भीतीनं कुणाला बोललेच नाही. मग एका पत्रिकेत 'वधूचे भाऊ'चं 'वधूचे माऊ' करून ठेवलं. सिल्लोडचे वधूपिते येऊन कडाडले, "बाई, माझं पोरगं मांजर हाय व्हय?" मालकांनी शांतपणे सांगितलं, सोमवारपासून या जागी दुसरी बाई बसेल. वीस वर्षांची माझी खुर्ची! ताईकडे जाऊन मी ढसाढसा रडले.

शनिवारी भाऊजी छापखान्यात हजर. माउस त्यांनी जन्मात धरलेला नव्हता. स्क्रीनपासून बारा पावलं मागं सरले ते समोरच्या कापडदुकानाच्या पायरीवरच पोचले, आणि तिथून ओरडले, "मेहुणीबाई, पाटी चुकलीय! डोळे नाय!" मग ते पायरीवरून हुकूम सोडणार आणि मी सेटिंग बदलणार. मागची जमीन काळी, अक्षर पिवळं. "लई भडक, उतरवा जरा!" मी घाईनं अक्षरं वाढवली, तर म्हणाले, "मोठं नको, मोकळं पायजे! ओळींत हवा सोडा!"

मालक घाबरले, "लग्नाची पत्रिका काळी?" मी म्हटलं, "कागद पांढराच निघेल. काळं फक्त माझ्यापुरतं."

आणि अहो, दिसलं! काना, मात्रा, अनुस्वार, सगळे आपापल्या जागी बसलेले. मालकांनी परीक्षा म्हणून छपाईला निघालेली पत्रिका स्क्रीनवर उघडली. आधी तपासणाऱ्या तिघांच्या नजरेतून सुटलेला 'शुम विवाह' मी पहिल्याच ओळीत पकडला.

"बसा बाई," मालक म्हणाले, "खुर्ची तुमचीच."

भाऊजींनी पायरीवर अशी आरोळी ठोकली की कापडवाला अर्धं माप टाकून बाहेर आला.

जाताना त्यांनी खिशातून बारीक ब्रश आणि रंगाची डबी काढली आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात, पाटीवर करायचे तशी, पिवळ्या ऑइलपेंटनं सही ठोकली. त्यांनी रंगवलेली एकही पाटी आता गुलमंडीत उरलेली नाही. त्यांच्या सहीची एवढी एकच. ती इतकी इवलीशी आहे की मला वाचताच येत नाही. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी तिच्यावरून बोट फिरवते. वाळलेल्या रंगाचा उंचवटा बोटाला लागतो, आणि मी पहिली पत्रिका उघडते.