पडदेमामांची करकरणारी फळी

आमच्या गावच्या शंभर वर्षांच्या नाट्यगृहाची डागडुजी पूर्ण झाली, तेव्हा पडदेमामांना एकच घोर होता. चाळीस वर्षं दोरीने पडदा पाडणाऱ्या या माणसाच्या जागी मोटार बसवायची की नाही, हे तालमीत ठरणार होतं.

तालमीत नायक ऐटीत मेला, पण पडदा काही पडेना. बिचारा किती वेळ श्वास रोखणार? शेवटी पडल्यापडल्याच ओरडला, "मामा, मेलोय हो मी!"

"अरे, मग जरा जोरात मरायचं ना!" विंगेतून मामा म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरबाई मात्र मामांपाशी गेल्या. तिथून रंगमंच दिसतच नव्हता. नायक कोसळला की मधली एक फळी करकरायची आणि त्या आवाजावर मामा दोरी सोडायचे. नव्या कामात ती करकर गेली होती.

"अहो, हे आधी का नाही बोललात?"

"एवढी छान जमीन केलीत तुम्ही, तिला नावं कशी ठेवू?"

बाईंनी सुताराला बोलावून त्या फळीचे दोन खिळे काढायला लावले. दुपारी नायक पुन्हा मेला, फळी करकरली आणि पडदा झपकन खाली आला. मोटार खोक्यासकट परत गेली.