औंधच्या जत्रेतला तिसरा डाव

हिंदुराव पैलवानाचं पोरगं म्हणून प्रशांतला सगळं विटं गाव वळखायचं, आन तेच त्येचं दुखणं व्हतं. बापानं उभ्या सातारा-सांगलीत मैदानं मारलेली. वय झाल्यावर पंच म्हणून नाव काढलेलं. हिंदुरावानं निकाल दिला की दिला, मग समोर कुणाचा का पैलवान असंना. आन पोटाला आलं ते पोलिओनं उजवा पाय वाळलेलं. तालमीत बाकीची पोरं जोर काढायची, ह्यो मातीच्या हौद्याच्या कडंला त्यांची कापडं सांभाळत बसायचा. बाप त्येला वाईटवंगाळ बोलायचा न्हाई. बोलायचाच न्हाई, त्येला काय करता?

मी भाऊसो. विट्यात स्टँडच्या मागं माझं व्हिडिओ गेमचं दुकान व्हतं. नाणं टाकायचं, दांडा धरायचा, बटणं बडवायची, की पडद्यावरचं गडी एकमेकाला हाणायचं. गावातली शहाणी माणसं मला पोरं बिघडवणारा म्हणायची. म्हणू देत की. ज्येला सगळ्यांनी कडंला बसवलं त्यो माझ्या दुकानात मधी बसला, एवढं पुण्य माझ्या नावावर हाय. बोटं अशी चालायची गड्याची, की कॉलेजची पोरं त्येच्याम्होरं नाणं टाकायला भ्यायची.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आमी चार दुकानदारांनी डोकं चालवलं. विटं, कराड, वाई आन फलटण. कबड्डीची साखळी असती, तशी गेमची साखळी काढायची. दर ऐतवारी एका गावात सामने, गडी पगारी, अंगात एका सोडावाल्यानं दिलेली बनियन. हसू नगा. आमच्या भागात असलं कुणी केलं नव्हतं. विट्याचा पयला पगारी गडी म्हंजे प्रशांत. पयला पगार घिऊन घरी गेला तर बापानं इचारलं, "कशाचा रं?"

"खेळायचा, आबा."

हिंदुराव उठला आन तालमीत निघून गेला.

पोरगं मात्र सुटलं व्हतं. कराडला जिंकलं. वाईत जिंकलं तवा पोरांनी खांद्यावर घिऊन कृष्णेच्या घाटापतोर मिरवलं. येताना एस.टी.त त्येच्या केसात गुलाल, कानात गुलाल, आन तोंड मात्र उतरलेलं. मी वैतागलो. म्हटलं, "आता आनी काय पायजे रं तुला?"

"आबांनी बगाय पायजे, भाऊसो. मी जिंकताना. एकदाच."

शेवटचा सामना औंधला ठरला, यमाईच्या जत्रंत. विटं आन फलटण. त्यांचा गडी वीरधवल, मोठ्या बागायतदाराचा पोरगा, पर खेळाय भारी. आता पंच कोण, ह्यावर आमची जुंपली. मीच हिंदुरावाचं नाव काढलं. म्हटलं, साधं बोलावलं तर ह्यो येणार न्हाई, पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणता यायचं न्हाई. फलटणवाल्यांनी तर लगेच मान हलवली. म्हणाले, "चालंल. त्यो सख्ख्या पोराची बी बाजू घ्यायचा न्हाई."

इचारायला गेलो तर हिंदुराव म्हणाला, "मला त्यातलं काय कळतंय गड्या?"

म्हटलं, "हरलं-जिंकलं ते मशीन सांगतंय. तंटा झाला तर तुमचा शब्द पायजे."

आला. फेटा बांधून आला. मांडवात मशीन, मागं जनरेटर धडधडतोय, कुस्त्यांना आलेली निम्मी माणसं आमच्याकडं लोटलेली. प्रशांत लंगडत बापाजवळ गेला आन शिकवायला लागला. "आबा, डावीकडं बसतो त्येचा गडी तांबडा. मी डावीकडं, म्हंजे तांबडा माझा. वर पिवळी पट्टी दिसती न्हवं, त्यो गड्याचा दम. पट्टी सपली की गडी पडला."

हिंदुरावानं मान हलवली. आयुष्यात पयल्यांदा पोरानं बापाला डाव समजावून सांगितला आन बापानं ऐकून घेतला. मला लय बरं वाटलं.

पयला डाव प्रशांतनं मारला. दुसरा वीरधवलनं. तिसऱ्याला जागा बदलायच्या, असा साखळीचा नियम. भोंग्यावरून तसं पुकारलं, पोरं उठली, इकडची तिकडं बसली. आता उजवीकडं प्रशांत, त्येचा गडी निळा.

आन काय खेळला म्हणता! वीरधवलला हात वर करू दिला न्हाई. तांबड्याची पट्टी उतरत उतरत नखाएवढी राहिली, निळ्याची निम्मी शाबूत. एक लाथ बसली की खेळ खलास. मी करंडकाकडं बगाय लागलो व्हतो.

तेवढ्यात हिंदुराव खुर्चीवरनं उठला. दोगांच्या मधी शिरला, दोगांची मनगटं धरली आन वर उचलली. "बरोबरीत सोडवली!" म्हणाला. जनरेटरवाल्याला खूण केली. त्येनं बंद केला, पडदा काळा झाला.

आमच्याकडं कुस्ती अशी सुटती. जोड तोलामोलाची असली, कुणी कुणाला आवरंना, की पंच दोगांचं हात वर करतो, दोगांचा मान राहतो. पर हितं तोलामोलाचं काय व्हतं? निकाल तर नाकासमोर आलेला! पर मांडवात सगळी कुस्तीची माणसं. त्यांनी टाळ्या पिटल्या, दोगांना फेटं बांधलं. करंडक सहा म्हैनं फलटणला, सहा म्हैनं विट्याला. हिंदुरावाच्या शब्दाम्होरं कोण बोलणार? प्रशांतचा हात बापाच्या हातात वर धरलेला, आन त्यो त्या काळ्या पडद्याकडं बगत उभा.

घरी जाताना म्हणाला, "भाऊसो, उद्यापास्नं मी येत न्हाई."

"अरं पर का?"

"आबांनी बगितलं न्हवं. झालं."

परत त्येनं दांड्याला हात लावला न्हाई. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसाय लागला. साखळी बी त्या एका सालातच गुंडाळली. मी हिंदुरावाच्या दारात जायचं सोडलं. आपलं पंचाचं नाव राखायला बापानं पोराच्या तोंडातला घास काढला, असंच मला वाटायचं, आन ते मी चार माणसांत बोलून बी दाखवलं.

दोन सालांनी हिंदुरावाला अर्धांगाचा झटका आला. मग मात्र राहवंना, गेलो. प्रशांत बापाला चमच्यानं पेज पाजत व्हता. म्हातारा मला बगून लय खूश झाला. तोंड वाकडं झालेलं, तरी बोलाय लागला.

"भाऊसो, जलमभर पंच व्हतो. कुणाची बाजू घेतली न्हाई. एकदाच लबाडी केली. औंधला."

मी म्हटलं, "कसली लबाडी, आबा?"

"तांबड्याचा दम सपत आल्ता रं. माझं पोरगं चार गावाम्होरं पडणार. आदीच त्येच्या नशिबाला भोग कमी व्हतं का? मला बगवंना. म्हणून सोडवली."

कुस्त्या खेळून खेळून कान फुटलेला माणूस, जनरेटरच्या धडधडीत त्येला भोंगा कुठनं ऐकू जातोय? पोरं जागा बदलताना दिसली असतील, पर तांबडा आता वीरधवलचा झाला ह्ये त्येला कोण सांगणार? पोरानं सांगितल्यापरमाणं त्यो तांबड्यावर नजर लावून बसलेला. मी तोंड उघडलं, तर प्रशांतनं माझ्याकडं बगून नगं म्हणून मान हलवली.

म्हाताऱ्यानं पोराकडं मान वळवली. "पडला असतास न्हवं?"

प्रशांतनं चमचा वाटीत ठेवला. मग खांद्यावरचा पंचा पदरासारखा घिऊन बापाचं तोंड पुसलं.

"व्हय आबा," म्हणाला. "पडलो असतो. तुमी व्हतासा म्हणून वाचलो."

म्हाताऱ्यानं बरा हात उचलून त्येच्या डोक्यावर ठेवला. मग राहिलेली पेज सगळी प्याला.