दोनदा टकटक

सौंसरच्या एका विमावाल्याने मला पत्त्यांच्या खेळात फसवलं, आणि पांढुर्ण्याच्या एका दुकानदाराने पंचाच्या खुर्चीवर बसून त्याला फसवू दिलं. विमावाल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तो जिंकायला आला होता. माझा राग दुकानदारावर आहे.

हे जुगाराचे पत्ते नव्हेत. यात प्रत्येकाने आपली गड्डी स्वतः जमवून आणायची असते. पत्त्यांवर प्राणी असतात, राक्षस असतात, त्यांची ताकद लिहिलेली असते. आपली पाळी आली की गड्डीतून एक पत्ता उचलायचा, हवा तो पत्ता मांडायचा, हल्ला करायचा आणि पाळी समोरच्याला द्यायची. माझ्या वयाच्या बाईने हे खेळावं याचं लोकांना हसू येतं. येऊ दे.

मी संत्र्याचे उभे बगीचे घेते, म्हणजे फळं झाडावर असतानाच अख्ख्या बगीच्याचा माल विकत घेते. पंचवीस वर्षांपूर्वी या धंद्यात शिरले तेव्हा भाव दुपट्ट्याखाली ठरायचा. दोन माणसं दुपट्ट्याखाली हात घालायची, बोटं दाबायची आणि सौदा व्हायचा. बाईच्या हातात हात कोण देणार? म्हणून मी भाव तोंडाने बोलत गेले, चारचौघांत, मोठ्याने. "बाई लय ओरडते" हे तेव्हापासून माझ्या नावाला चिकटलं. पण माझा आकडा काय होता, यावर कधी कोणाचं दुमत झालं नाही.

दुकानदाराकडे मी बिलबुकं घ्यायला जायची. त्याच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत रविवारी दुपारी दहा-बारा जण हे पत्ते खेळत. मला आधी खेळ नाही, अदलाबदल आवडली. कोणाला कोणता पत्ता हवा आहे आणि तो लपवायला कसा बघतो आहे, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळायचं. साध्या पत्त्यांवरून सुरुवात करून वर्षभरात मी अशी गड्डी जमवली की कॉलेजातली पोरं माझ्यासमोर बसायला कां-कूं करू लागली.

त्या खोलीत पाळी संपली की कोणी बोलत नसे. टेबलावर दोन बोटांनी दोनदा टकटक करायची, की समोरच्याने पत्ता उचलायचा. ही रीत दुकानदाराचीच. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "झालं का तुमचं?" तेव्हा तो हसला होता. "मावशी, टकटक झाली म्हंजे झालं. दरवेळी काय इचारून राहिल्या?" मी ऐकलं. आयुष्यभर तोंडाने बोलून व्यवहार केलेली मी त्या एका खोलीत मुकी झाले. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करते.

सौंसरला स्पर्धा झाली. जिंकेल त्या एकालाच नागपूरच्या मोठ्या स्पर्धेत जागा होती. आमच्या भागातून तिथे आजवर कोणी गेलं नव्हतं, आणि मला जायचं होतं. पंच म्हणून आमचा दुकानदारच ठरला. सकाळी तो माझ्याच पिकअपमधून आला. रस्ताभर म्हणत होता, "मावशी, आज तुमाले कोणी रोकत नाही."

शेवटच्या डावाला समोर विमावाला आला. हासुद्धा सहा महिने आमच्या खोलीत खेळायला येत होता. टकटक त्याला चांगली माहीत होती. त्या डावातही त्याने तीनदा टकटक केली, तिन्ही वेळा मी पत्ता उचलला, आणि पंच शेजारी उभा राहून बघत होता. चौथ्या वेळी त्याच्याकडे एकच राक्षस उरला होता. माझ्या पुढच्या हल्ल्यात तो जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्याने एक पत्ता मांडला, दोनदा टकटक केली, मागे टेकला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

मी म्हटलं, "माझी पाळी." तोंडाने म्हटलं. आणि पत्ता उचलला.

पत्ता माझ्या हातात येईपर्यंत तो पाणी पीत होता. मग बाटली खाली ठेवून म्हणाला, "मावशी, माहा हल्ला बाकी हाय. तुमी माह्या पाळीत पत्ता उचलला."

मला आधी वाटलं, गंमत करतो आहे. त्याने हात वर करून पंचाला बोलावलं.

पंचाने मला विचारलं, "त्यानं 'संपली' म्हटलं का?"

"टकटक केली ना! तुमी पाहून राहिले होते."

"म्हटलं का, ते सांगा."

"नाही. पण मी 'माझी पाळी' म्हटलं, तवा हा काहून चूप होता?"

"चूप राहणं काही गुन्हा नाही, मावशी."

दुसऱ्याच्या पाळीत पत्ता उचलला म्हणून डाव माझ्या हातून गेला. मी उभी राहिले तेव्हा पंच हळूच, पण आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मोहगावच्या बगीच्यात तुमीबी म्हाताऱ्याच्या मानेवरच सौदा पकडला होता ना? आता काहून ओरडून राहिल्या?"

मी टेबल उलटवलं. पत्ते सगळ्या हॉलभर झाले. आता सौंसरला लोकांना तेवढंच आठवतं.

मोहगावचं खरं आहे. म्हाताऱ्याने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी हो म्हटलंच नव्हतं. मी बगीचा सोडला नाही. पण मी भाव तीनदा मोठ्याने सांगितला होता, आणि मान हलली की सौदा झाला, हे त्या म्हाताऱ्याच्या बापापासून चालत आलं होतं. मी ती रीत त्याच्यासाठी वेगळी आणि माझ्यासाठी वेगळी केली नाही. खूण कसलीही असो, बोट, मान, टकटक. आधी तीनदा चालली ती चौथ्यांदा चालत नाही, हे कोणी कधी ठरवलं?

येताना मी पिकअप घेऊन एकटी निघाले. पंच सौंसरच्या बसस्टँडवर पिशवी धरून उभा दिसला. मी गाडी थांबवली नाही.

विमावाला नागपूरला जाऊन आला. पहिल्याच फेरीत हरला. कसा हरला ते कोणी सांगत नाही.

पुढच्या रविवारी दुकानामागच्या खोलीत पाटी लागली. तिच्यावर दुकानदाराच्या हातचं अक्षर आहे: पाळी संपल्यावर तोंडाने 'संपली' म्हणावे. यापुढे टकटक चालणार नाही.

बिलबुकं मी आता दुसरीकडून घेते. पण ती पाटी मी आत जाऊन वाचून आले, आणि तिच्यातला एकच शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. यापुढे. म्हणजे याआधी चालत होती. मग सौंसरला का चालली नाही? मी 'माझी पाळी' म्हटलेलं पंचाला ऐकू आलं होतं की नाही? याचं उत्तर मला त्याच खोलीत, रविवारी, सगळे बसलेले असताना हवं आहे. त्याने उभं राहून द्यावं, आणि तोंडाने द्यावं.