मधला शब्द

धाकटा भाऊ गेल्यावर, तेरावं उरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामांची यादी केली. रेशनकार्ड, गॅस, बँक आणि शेवटी: गिऱ्हाइकांना कळवणे. हुपरीत त्याचा पैंजणांचा घरगुती कारखाना. भावजय आणि तीन बायका तिथं घुंगरू जोडतात. निम्म्याहून जास्त माल इंग्लंडमधली एक दुकानदारीण घेते. ती तुटली असती तर चौघींच्या हाताला काम उरलं नसतं, म्हणून तिला कळवायचं काम मी माझ्याकडं घेतलं.

भाऊ दहावीपुढं शिकला नाही. इंग्रजी त्यानं या बाईशी बोलून बोलून उचललेलं, तेही पुस्तकात नसलेलं. मला समजावं म्हणून त्याचे जुने मेसेज वाचून मी वहीत शब्द उतरवले. ‘नॅकर्ड’: पार दमलो. ‘मेट’: दोस्ता. ‘गटेड’: जिवाला लागलं. ‘इनिट’: आपला ‘की’, वाक्याच्या शेवटी ठोकायचा. पानभर झाले.

मग कोल्हापुरात घरी बसून, त्याच्याच फोनवरून, शाळेतल्या शुद्ध इंग्रजीत बातमी पाठवली. आमच्याकडं दुःखाची चिठ्ठी घरात ठेवत नाहीत. वाचली की फाडतात. त्याच सवयीनं मी मेसेज पुसला. पुसताना ‘सर्वांसाठी’ दाबलं गेलं. तिनं तो अजून वाचलाच नव्हता.

दुपारी तिचं उत्तर आलं. काय पुसलंस, मेट? इतके दिवस गप्प का?

खरं सांगायलाच मी फोन घेतला. इंग्रजीत ‘मी’ एवढं लिहिलं. भावाच्या लिहिण्याची सवय झालेल्या कीबोर्डनं वर पुढचे तीन शब्द सुचवले. मधला होता ‘नॅकर्ड’. बघू तरी म्हणून दाबला. पुढं ‘मेट’ आला, त्यापुढं ‘इनिट’. मी फक्त मधला शब्द दाबत गेले आणि वाक्य पुरं झालं. त्याचं वाक्य. ते पुसायला हात धजेना. पाठवलं.

लगेच उत्तर आलं: आता कसा तू तूच वाटतोस.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं हुपरी गाठली आणि भावजयीला सगळं सांगितलं. तिला इंग्रजी येत नाही. पण लिहिताना भाऊ मोठ्यानं म्हणायचा, ते तिच्या कानात होतं. तिनं मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. घुंगरांचा आवाज थांबला.

“त्येंचंच बोलणं हाय हे,” ती म्हणाली. “अजून दाबा की, वन्सं.”

मी नाही म्हटलं. तिच्यासमोरच बसून एकेक अक्षर लिहीत खरं ते कळवलं. वर सुचवलेले शब्द बदलत राहिले; मी तिकडं बघितलं नाही. हा मेसेज मात्र पुसला नाही.

तासाभरानं एकच शब्द आला: गटेड. वही उघडावी लागली नाही. थोड्या वेळानं बाईनं विचारलं, मग काल माझ्याशी बोललं कोण? यापुढं माझ्या फोनवरून मी लिहीन, एवढंच कळवलं. माल तसाच पाठवा, असं ती म्हणाली.

भावाचा फोन भावजयीपाशी ठेवला. यादीत एकच काम राहिलंय: कीबोर्डची आठवण पुसणे.

गेल्या आठवड्यात गेले, तर ती उंबऱ्यात बसून मधला शब्द दाबत होती. पाठवत काही नव्हती. मला बघून तिनं फोन पुढं केला.

“काय म्हणत्यात, वाचा की.”