काचेचा कापूस

माझ्या आतेभावावर अन्याय झाला तो गेल्या पावसाळ्यात, सैन्यभरतीच्या पहाटे. धावता धावता खोकल्यानं तो मैदानातच बसला आणि भरती हुकली. ज्यानं हे केलं, तो मला रोज भेटतो.

मलकापुरात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस लाघवी आहे, हीच अडचण. म्हाताऱ्यांचे फोन फुकट नीट करतो, दर वाक्याला "काय न्हाई हुत गड्या" म्हणतो. बंदी असलेली ई-सिगारेटही चोरून भरून देतो. तिच्यात तापणाऱ्या तारेभोवती कापसाची वात असते. ती करपते, म्हणून हा जुन्या गिझरमधला, पाणी गरम राहावं म्हणून भरलेला काचेच्या बारीक तंतूंचा कापूस भरतो. भावानं त्यानं भरलेली असलीच ई-सिगारेट ओढली होती.

"ह्यो लय भारी, जळतच न्हाई," असं मला कौतुकानं सांगत त्यानं तो कापूस पिंजायला घेतला. त्याआधी स्वतःच्या नाकाला रुमाल बांधला.

"आवं, आणि ओढणाऱ्याच्या नाकाला?"

"त्यो तोंडानं ओढतोय की रं!" तो मनापासून हसला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

तुम्ही अशा कुणाकडून ई-सिगारेट भरून घेत असाल, तर तिथंच त्याच्यापुढं धरा आणि म्हणा, पहिला झुरका तुमी घ्या.