खळमामांची पिशवी

पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीच्या वाचनालयात मी पुस्तकांवरची धूळ पुसते. तिथं पुस्तकं बांधणाऱ्याला सगळे खळमामा म्हणतात, कारण त्यांच्या बोटांना कायम मैद्याच्या खळीचा वास. त्यांच्याआधी त्यांचे वडील हेच काम करायचे.

एकदा एका अभ्यासकानं दफ्तरखान्यातलं जुनं पत्र मागितलं. यादीत पत्र होतं, गठ्ठ्यात नव्हतं. तो गठ्ठा अलीकडे फक्त मामांनी हाताळलेला. नव्या ग्रंथपाल फादरांनी मला बोलावलं, तेव्हा मामा रोज पिशवीतून कागद घरी नेतात हे मी सांगून टाकलं. खोटं काही नव्हतं, पण जीभ जरा जास्तच सैल सुटली.

तेव्हापासून दारात त्यांची पिशवी तपासली जाऊ लागली. निघायचं काय, तर रिकामा डबा आणि नातीला चित्रं काढायला कागदाची कोरी कात्रणं. तरी फादरांनी बजावलं की, महिनाअखेरपर्यंत पत्र मिळालं नाही तर कामावर येऊ नका. मीही धूळ पुसता पुसता मामांच्या हातांवर डोळा ठेवून असे.

मामा भांडले नाहीत. त्यांनी मागणीची जुनी वही काढायला लावली. पत्र शेवटचं वाचायला दिलं होतं चाळीस वर्षांपूर्वी. ते परत आल्याची सही नव्हती. मग त्याच वर्षी बांधलेली पुस्तकं त्यांनी मागून घेतली. तिसऱ्या पुस्तकाची पाठ फादरांसमोरच ओल्या फडक्यानं भिजवून सोलली. पाठीला बळकटी यावी म्हणून बांधणारे आतून रद्दीच्या पट्ट्या चिकटवतात. चार पट्ट्या निघाल्या, शाईच्या अक्षरांसकट. जोडल्यावर तेच पत्र.

“ही बांधणी कोणाची?” फादरांनी विचारलं.

मामा थोडा वेळ फडकं पिळत राहिले. “माझ्या बापाची. वाचता येत नव्हतं त्यांना. टेबलावर पडलेलं, रद्दी समजून कापलं असणार.”

“आणि नेमकं तुम्हालाच सापडलं.”

“पिशवीत शोधणाऱ्याला कसं सापडेल, फादर?”

काम राहिलं. दोन रात्री मला झोप नव्हती. शेवटी मामांना म्हटलं, पिशवीचं मीच सांगितलं होतं.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तुझ्याशिवाय माझ्याकडे बघतं कोण इथं?”

आता कोणी तपासत नाही. तरी निघताना मामा पिशवी माझ्यासमोर पालथी करतात. मी मान फिरवते. पण देवापुढे खोटं कशाला बोलू, नजर एकदा तिकडे जातेच.