सलीमची सीताफळाची फुलं

सलीम गेल्याचा फोन रेहानाभाभींनी केला, तेव्हा सांत्वनाचं बोलायचं सोडून मी विचारलं, "फोटो बघितला का त्यानं?" रडता रडताच उत्तर आलं, "बघितला की, भाऊजी. लई वेळ बघितला." दुःख होतंच, पण त्याआधी हायसं वाटलं. महिना उलटला, अजूनही वाटतं.

सलीम आणि मी बीडच्या एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पालीकडच्या डोंगरातली सीताफळं फुलतात ढीगभर, पण फळं धरतात थोडी. असं का, ते त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फुलाच्या आत शिरून बघायचं होतं. त्या यंत्राला ओलं काही चालत नाही. "वाळवायचंच ना बे? बीडात ऊन काय कमी हाय?" म्हणत या पठ्ठ्यानं पहिली फुलं गच्चीवर, भाभींच्या शेवयांशेजारी ठेवली! फोटोत आला नुसता चोथा. पाणी उडून जाताना नाजूक पेशींना आत ओढून चिरडतं, हे आम्हा दोन प्राध्यापकांना तेव्हा उमगलं. मग रीतसर शिकलो... पाण्याच्या जागी टप्प्याटप्प्यानं अल्कोहोल, त्याच्या जागी दाबाखालचा द्रवरूप कार्बन डायऑक्साइड, आणि तो तापून वायू झाला की हळूहळू सोडायचा. सलीमला कसला धीर! झडप भसकन उघडून त्यानं पुढची फुलंही घालवली.

यंदा त्याचं जुनं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या फुलांची एकच बाटली उरली होती आणि नवा बहर लांब होता. "आत काय हाय, तेवढं बघून जातो," तो म्हणाला. बाटली घेऊन मी विद्यापीठात गेलो. फुलं वाळवायचं यंत्र सुरू होतं तोच भाभींचा फोन आला, त्याला धाप लागलीय. भराभर वायू सोडला असता तर संध्याकाळी फोटो मिळाला असता, बहुधा पुन्हा चोथ्याचा. काय करू, मी त्यालाच विचारलं.

"घाई करू नको बे," सलीम कसाबसा म्हणाला. "मी थांबतो की."

फोटो दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. पराग झेलणारी कुक्षी ताठ, टवटवीत, अन् तिला बिलगलेले परागकण. मी तो तिथूनच पाठवला. चहा निवेपर्यंत दम न निघणारा, दर वेळी तोंड भाजून घेणारा माझा दोस्त, त्या फोटोसाठी खरंच थांबला होता.